कंबरेवरचा शेरा

आमवाताचे नाव निघाले की सुजलेली बोटे आणि वाकडी झालेली मनगटे डोळ्यांपुढे येतात, आणि जाणता वैद्य असेल तर तो मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधील शैथिल्याचीही दखल घेतो. परंतु त्याच रुग्णाने कंबर धरल्याची तक्रार करताच केसपेपरावर ‘वयोमानानुसार झीज’ असा शेरा पडतो, पट्टा बांधण्याचे फर्मान सुटते आणि प्रकरण दप्तरी दाखल होते. पुष्कळदा हा शेरा खराही ठरतो, कारण या व्याधीचा रोख मानेच्या मानाने कंबरेकडे कमीच. माझी हरकत आहे ती चौकशीआधी होणाऱ्या फैसल्याला.

कंबरेच्या मणक्यांनाही मागील बाजूस लहान सांधे असतात व त्यांना बोटांच्या सांध्यांसारखेच अस्तर असते. ते सुजून जाड झाले, सांधा ढिला पडून मणका पुढे सरकला, किंवा सांध्यातून द्रवाची गाठ फुगून आली, तर शेजारच्या नसेची वाट आक्रसते आणि कळ पोटरीपर्यंत उतरते. त्यात भर स्टेरॉइडची. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी १९४८ साली आमवाताच्या रुग्णास कॉर्टिसोन दिले आणि १९५० साली ते नोबेलचे एक मानकरी झाले, हे यथार्थच होते. पण त्याच कुळातल्या गोळ्या जुन्याच चिठ्ठीवर वर्षानुवर्षे घेणाऱ्या बाईचा भुसभुशीत मणका पाण्याची बादली उचलतानाही दबतो.

मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि त्याखाली नसांचा जो झुबका उतरतो त्याला वैद्यकात अश्वपुच्छ म्हणतात; त्यावर दाब आला की लघवी तुंबते किंवा नकळत होते, बैठकीची जागा बधिर होते, पायांतले बळ जाते, आणि शस्त्रक्रियेस दिरंगाई झाल्यास गेलेले सारे परत येईलच असे नाही. आमच्याकडची बाई मात्र डॉक्टरांपुढे “बाकी काही नाही हो” एवढेच म्हणते आणि धार सुटत नाही ही गोष्ट घरी जावेच्या कानात सांगते. दोष एकट्या तिच्या संकोचाचा नव्हे. बाहेर खोळंबलेल्या गर्दीमुळे म्हणा की भिडेमुळे म्हणा, तिला कुणी विचारलेलेच नसते.

सबब आमवाताच्या रुग्णाची कंबर दुखत असेल तेथे लघवी, शौच व बैठकीचा बधिरपणा यांविषयीचे प्रश्न केसपेपरावर छापूनच ठेवावेत, स्पष्ट शब्दांत विचारावेत, आणि एकाचेही उत्तर नव्याने होकारार्थी आले तर एमआरआयसाठी पुढच्या आठवड्याची तारीख न देता रुग्णास त्याच दिवशी मणक्याच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात रवाना करावे.