घट्ट आणि पक्के

‘एपॉक्सी वाळली का?’ असे विचारणाऱ्याला माझ्यातला मराठीचा मास्तर टोकल्याशिवाय राहत नाही. वाळणे म्हणजे पाणी उडून जाणे. येथे तसे काही उडून जात नाही. एपॉक्सी वाळत नाही, वाचकहो, ती लोणच्यासारखी मुरते!

फुटके कान कपाला पुन्हा जोडणाऱ्या त्या दोन नळ्या आपल्या घरीही असतील. एकीत राळ, दुसरीत हार्डनर. निरनिराळी असेपर्यंत दोन्ही पातळ. एकत्र कालवली की रेणूत रेणू गुंफून जाळे विणले जाते आणि दगड होतो. मात्र हे लग्न प्रमाणातच लागते. हार्डनर जास्त घातला की सांधा जास्त बळकट, हा समज खोटा. बिनजोडीचे रेणू उरतात आणि सांधा कच्चा राहतो.

तापमानाचेही तसेच. उबेत जाळे भराभर विणले जाते, थंडीत रेंगाळते. मोठा गोळा एकदम कालवला, तर तो स्वतःच्याच उष्णतेने तापून तडकण्याचा संभव. सिलिकाची बारीक पूड मिसळावी, तर हा ताप आणि आकसणे कमी होते. लवचीकपणा आणणारे द्रव्य घालावे, तर ठिसूळपणा जातो. पण उष्णता सोसण्याची ताकदही घटते. एका हाताने घ्यावे, दुसऱ्या हाताने द्यावे, असा हा व्यवहार!

यात घाई किती महागात पडते ते अमेरिकेतल्या बोस्टन शहराला विचारावे. तिथल्या एका भुयारी रस्त्याच्या छताचे काँक्रीटचे तक्ते एपॉक्सीने बसवलेल्या बोल्टांना टांगले होते. १० जुलै २००६ रोजी त्यांतले काही एका मोटारीवर कोसळले आणि आतली एक स्त्री प्राणास मुकली. २००७ साली चौकशीचा अहवाल आला. वापरलेली एपॉक्सी लवकर घट्ट होणाऱ्या जातीची होती. थोडा वेळ ओढून पाहण्याच्या परीक्षेत ती उतरली होती. पण रात्रंदिवस लोंबणाऱ्या ओझ्याखाली ती केसाकेसाने ताणत गेली आणि बोल्ट सुटले. सावकाश मुरणारी जात याच कसोटीला पुष्कळच सरस ठरली.

तेव्हा कपाचा कान जोडताना वेष्टनावरचे प्रमाण पाळा आणि सांगितला तितका वेळ कप हलवू नका. पण डोक्यावर काही टांगायचे असेल, तर दुकानदाराला ‘किती मिनिटांत घट्ट होते?’ असे विचारू नका. ‘किती वर्षे ओझे धरील?’ असे विचारा.