साखळीवाल्यांची भूतदया

कुत्र्याला पिंजऱ्यात ठेवणं म्हणजे क्रौर्य, असं पुण्याच्या शनिवार पेठेत छातीठोकपणे सांगणाऱ्याच्या जिन्याखाली बहुधा एक कुत्रा साखळीला बांधलेला असतो. सकाळी ओंकारेश्वरापर्यंत एक फेरी, मग दिवसभर कुरिअरवाल्यांवर भुंकणं. यात कुणालाच क्रौर्य दिसत नाही. साखळी आजोबांपासून चालत आलेली, पिंजरा, म्हणजे क्रेट, मात्र बाहेरून आलेला!

१९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा असा पंक्तिप्रपंच करत नाही. हालचालीला अपुरा पिंजरा, आखूड किंवा जड साखळीला अवाजवी वेळ बांधणं, आणि सदा बांधलेल्या वा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसं न फिरवणं, या तिन्ही गोष्टी त्याच्या कलम ११ मध्ये शेजारी-शेजारी बसल्या आहेत. कायद्याचा राग वस्तूवर नाही, तिच्या मापावर आणि वेळेवर आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा. धनगराचा कुत्रा कधी पिंजऱ्यात पाहिलाय का? नाही पाहिला. तो रात्री कळप राखतो आणि दिवसा त्याच मेंढरांपाशी ताणून देतो. त्याचं काम आणि विसावा एकाच माळावर आहेत. पोलिसांच्या श्वानाला ही चैन नाही. शिवाजीनगरच्या सीआयडी श्वान प्रशिक्षण केंद्रात शिकलेल्या झंजीर या लॅब्रॅडॉरने १९९३ च्या मुंबई स्फोटांच्या काळात ३,००० किलोहून जास्त आरडीएक्स शोधून दिलं. असलं काम गर्दीत, उन्हात आणि तासन् तास चालतं. कुत्रा अंग थंड करतो ते मुख्यतः धापेनं, आणि धापणारा कुत्रा नीट हुंगू शकत नाही. गणपतीच्या दिवसांत मंडपामागून मंडप तपासणाऱ्या श्वानाला मधल्या वेळात सावलीत, वारं खेळणाऱ्या क्रेटमध्ये निवांत आडवं होता आलं, तर पुढच्या मंडपात त्याचं नाक कामाला येईल. ढोल-ताशात, सेल्फीवाल्यांच्या गराड्यात नुसतं पट्ट्यावर धरून ठेवलं, तर थकलेलं नाक घेऊनच तो पुढे जाईल. (तोच क्रेट उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत असेल, तर ती भट्टी. हे सांगावं लागू नये, पण लागतं.)

आता क्रेटच्या भक्तांकडे वळू. ‘कुत्रा मुळातच गुहेत राहणारा प्राणी, त्याला कोंडलेलं आवडतं,’ ही थाप ते बिनदिक्कत मारतात. सासवड-बारामतीच्या माळरानांवर आजही लांडगे आहेत. लांडगीण बिळात जाते ती पिल्लांसाठी. पिल्लं दोन-अडीच महिन्यांची झाली की बीळ सुटतं. शिवाय त्या बिळाला बाहेरून कडी नसते.

म्हणजे क्रेट आवडणं उपजत नाही, ते शिकवावं लागतं. जेवण आत, दार उघडं. मग क्षणभर बंद, मग मिनिटभर. शिक्षा म्हणून एकदाही आत ढकलायचं नाही. केनेलचं, म्हणजे श्वानगृहातल्या कोठडीचंही तेच. ब्रिटनमध्ये तरुण लॅब्रॅडॉरांवर झालेल्या एका अभ्यासात, आधी हळूहळू सवय केलेल्या कुत्र्यांना पुढे केनेलमध्ये हलवल्यावर ताण कमी आला. ही सवय न करता सव्वा वर्षाचं जनावर एकदम केनेलमध्ये टाकायचं आणि ते रात्रभर रडलं की केनेललाच नावं ठेवायची, हा कुठला न्याय?

स्वीडनने घरात कुत्र्याला बंद पिंजऱ्यात ठेवण्यास मनाई केली आहे, हा विरोधकांचा हुकमाचा पत्ता. तो पुरता उलगडा: प्रवासात तिथेही क्रेट चालतो. मनाई आहे ती त्याला कुत्र्याची खोली करून टाकण्याला, आणि तिला माझा पाठिंबा आहे.

कारण क्रेटचं समर्थन क्रेटच्या बाहेर होतं. हुंगायला लावलेलं, धावडवलेलं, शोधाचा खेळ खेळून दमलेलं कुत्रं आत शिरून झोपलं, तर ते प्रशिक्षण. अलीकडे पेठेतल्या दोन खोल्यांत मॅलिनॉय जातीचं कामाचं कुत्रं आणायची टूम निघाली आहे. मालक सकाळी हिंजवडी गाठतो, रात्री परततो, तोवर जनावर जाळीत. आणि विचारलं तर ‘क्रेट ट्रेनिंग चालू आहे’. याला गोदामात माल ठेवणं म्हणतात. तीन महिन्यांच्या पिल्लाला तर दिवसा तीन-चार तासांवर लघवी धरवत नाही. मग ते आतच घाण करतं आणि त्यावरूनच मार खातं. ज्याच्याकडे सकाळ-संध्याकाळ तास-तासभर देण्याइतका वेळ नाही, त्याने क्रेटचं माप विचारू नये, मॅलिनॉयही आणू नये.