बटाईचा कागद करा, भिऊ नका

उज्जैन भागात शेत बटाईने देण्याघेण्याचा व्यवहार बहुधा तोंडीच होतो. सोयाबीनच्या पेरणीआधी दोघे बसतात. बियाणे कोणाचे, खत कोणाचे, वाटा किती, हे ठरते आणि नांगर चालू होतो. पीक चांगले आले तर कोणाची तक्रार नसते. परंतु शेंगा पावसात कुजल्या आणि सरकारी मदत जाहीर झाली की प्रश्न उभा राहतो. खसऱ्यात ज्याचे नाव, त्याच्या खात्यात पैसे जातात. ज्याने उसनवारी करून बियाणे पेरले, तो रिकाम्या हाताने घरी येतो. आमच्या मते यावर उपाय एकच आहे. बटाईचा करार लेखी झाला पाहिजे.

शेतमालक कागदाला भितात. ही भीती कोठून आली ते समजून घेतले पाहिजे. महाराष्ट्रात १९४८ चा कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणारी कुळे जमिनीची खरेदीदार मानली गेली. उज्जैनची गोष्ट निराळी आहे. हा मुलूख शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानातला. १९४८ साली तो मध्य भारतात आणि १९५६ साली मध्य प्रदेशात आला. येथे १९५१ च्या कायद्यांनी जमीनदारी व जहागिरी संपवल्या आणि २ ऑक्टोबर १९५९ पासून भू-राजस्व संहिता लागू झाली. तिच्या कलम १६८ ने भूमिस्वामीवर बंधन घातले की, लागोपाठच्या तीन वर्षांत एका वर्षाहून अधिक काळ जमीन पट्ट्याने देऊ नये. विधवा, अज्ञान मुले, सैन्यातील जवान अशांना तेवढी सूट होती. स्वतःचे बैल लावून कोणी वाट्याने शेत केले, तर तोही पट्टाच समजला जाई. बंधन मोडले तर कलम १६९ प्रमाणे कसणाऱ्याला मौरूसी कृषकाचे हक्क मिळत, आणि पुढे कलम १९० प्रमाणे मालकाला शेतसाऱ्याच्या १५ पट मोबदला देऊन तो स्वतः भूमिस्वामी होऊ शके.

कायद्याचा हेतू चांगला होता. परिणाम मात्र पुष्कळदा उलटा झाला. हक्क मिळवायचा तर पुरावा पाहिजे, आणि मालकाने पुरावाच होऊ दिला नाही. कागद केला नाही, पावती दिली नाही, कसणाऱ्याला एका शेतातून दुसऱ्या शेतात हलवीत ठेवले. ज्याच्या रक्षणासाठी कायदा केला, त्याचेच नाव दप्तरातून नाहीसे झाले.

२०१६ साली मध्य प्रदेशाने भूमिस्वामी व बटाईदार यांच्या हितरक्षणाचा नवा कायदा केला. त्याप्रमाणे करार लेखी करावयाचा असतो. एक प्रत मालकाकडे, एक बटाईदाराकडे आणि एक तहसीलदाराकडे राहते. मुदत जास्तीत जास्त पाच वर्षांची. मुदत संपली की जमीन मालकाकडे परत जाते. बटाईदाराला मालकी सांगता येत नाही. उलट पीक बुडाले तर मदतीची रक्कम करारातील वाट्याप्रमाणे दोघांना मिळावयाची असते. तंटा झाल्यास तहसीलदाराकडे दाद मागता येते.

काही जण म्हणतील की, या कायद्याने ‘कसेल त्याची जमीन’ हे तत्त्व सोडून दिले. हे म्हणणे खरे आहे, आणि आम्हाला त्याचे वाईट वाटते. म्हणून एक इशारा देतो. ज्यांचे घराणे पूर्वीपासून एकच शेत कसत आले आहे आणि ज्यांचा मौरूसी हक्क असू शकतो, त्यांनी वकिलाला जुने खसरे दाखविल्याशिवाय नव्या करारावर अंगठा उठवू नये. तो कागद त्यांच्याच विरुद्ध वापरला जाईल. पण ज्यांच्या हाती आज काहीच नाही, त्यांना वाट्याचा हक्क तरी पदरात पडेल. गहू सरकारी केंद्रावर विकण्यासाठी सिकमी शेतकऱ्याची नोंदणी करताना हाच करार मागतात. पीकविम्यालाही तो लागतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात, तीन वर्षे जमीन कसून पोट भरणारा वाटेकरीही बाधित कुटुंबात मोजला आहे. २०२८ च्या सिंहस्थासाठी शहराभोवतालच्या जमिनींची चर्चा २०२५ साली किती तापली, हे सर्वांनी पाहिले आहे. जमीन गेली तर आपण तेथे कसत होतो, हे बटाईदार कशाने दाखविणार?

मालक आणि बटाईदार आपल्या धर्मग्रामात दोघेही आहेत, आणि रविवारी शेजारी शेजारी गुडघे टेकतात. मालकांना आमचे सांगणे आहे की, २०१६ नंतर लेखी करार हाच तुमच्या मालकीचा उत्तम राखणदार आहे. तोंडी व्यवहारात तंटा झाला तर तुमच्याही हाती काही नसते. बटाईदारांना सांगणे आहे की, कागद मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे नव्हे. मुलीचे लग्न ठरवितानाही आपण याद्या करतोच.

पुढच्या पेरणीपूर्वी एवढे करावे. खसरा क्रमांक, क्षेत्र, मुदत, बियाणे-खताचा खर्च कोणाचा, पिकाचा वाटा आणि मदतीच्या व विम्याच्या रकमेचा वाटा, हे सर्व स्पष्ट लिहावे. ज्याला वाचता येत नाही त्याला दुसऱ्याकडून वाचून दाखवावे आणि मगच सही घ्यावी. तहसीलदाराकडे प्रत दिल्याची पोच मागून घ्यावी व ती पेटीत जपून ठेवावी.