मच्छीमारांच्या मोर्चात तुम्हीही या

मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या हॉटेलवाल्यांनो, होमस्टेवाल्यांनो, मच्छीमार संघटनांचं आंदोलन हा फक्त त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे असं समजू नका.

पर्ससीनचं जाळं माशांच्या थव्याभोवती गोल सोडतात आणि तळाची दोरी ओढून बटव्यासारखं आवळतात. मग अंड्यावर आलेला बांगडा सुटत नाही की बारकी तारली. त्यात रात्री जनरेटरवर एलईडी पेटवले की लांबची मासळीही उजेडाला गोळा होते. राज्याने २०१६ साली पर्ससीनवर निर्बंध आणले, केंद्राने २०१७ साली एलईडीवर बंदी घातली. रापणकार आणि होडीवाले वर्षानुवर्षं तेच मागत होते. आता त्यांचं भांडण आहे ते कायदा पाळला जावा म्हणून.

हे नवं नाही. शेजारच्या गोव्यात १९७०च्या दशकात ट्रॉलरविरुद्ध रापणकारांनी एकवट बांधला, मातान्ही साल्ढाणा त्यात पुढे होते. पुढे देशभरच्या मच्छीमार संघटना एकत्र आल्या आणि १९८९ साली दोन्ही किनाऱ्यांनी कन्याकुमारीपर्यंत यात्रा काढली. मागणी काय, तर पाणी वाचवा, जीवन वाचवा. कष्टकऱ्यांच्या संघटनेने समुद्रासाठी चालावं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

तुम्ही काय कराल? बारकी सुरमई, बारकं पापलेट घेऊ नका. गिऱ्हाईक आहे म्हणूनच ते धक्क्यावर येतं. राज्याने २०२३ साली ५४ जातींच्या मासळीचा किमान आकार ठरवून दिलाय, त्याचा तक्ता स्वयंपाकघरात लावा. जून-जुलैच्या बंदीत पाहुण्याने ताजी सुरमई मागितली तर सरळ नाही म्हणा. तिसऱ्या वाढा, सुका बांगडा भाजून द्या, खाडीचं जे मिळेल ते द्या.

संघटनांनाही एक सांगणं आहे. आपल्याच वाडीतला कुणी लहान आसाचं जाळं टाकत असेल, तर आधी त्याला थांबवा. फाटकं नायलॉन जाळं पाण्यात सोडू नका, त्यात कासवं अडकून मरतात. आणि मासळी विकणाऱ्या बायांना कार्यकारिणीत घ्या. टोपलीत काय येईनासं झालंय, ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

संघटनेचे कार्यकर्ते वर्गणीला आले तर हात आखडू नका. मोर्चा निघेल त्या दिवशी दोन तास गल्ला बंद ठेवा आणि त्यांच्याबरोबर चाला.