पहाऱ्याची वेळ आणि झोप

परवा दवाखान्यात एक हवालदार आले. वय चाळिशीच्या आसपास. तक्रार आम्लपित्ताची आणि डोकेदुखीची. ब्लडप्रेशर पाहिले तर १७०/११०. झोप कशी लागते म्हणून विचारले, तर हसले. "डॉक्टरसाहेब, आलापल्लीपलीकडच्या मदत केंद्रातून बदली होऊन वर्ष झालं. पण अजून रात्री दोनला आपोआप जाग येते. तिथं दोनला माझा पहारा लागायचा."

लाहेरीला २००९ साली १७ पोलीस मारले गेले, १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याच्या स्फोटात १५ जवान गेले, तेव्हा आपण सारे हळहळलो. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती साठएक साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला आणि हिंसाचारही आता पुष्कळ उतरला आहे. मग आता कसला ताण, असे कोणी विचारील. माझे मत असे की, गोळीबार रोज होत नाही, पण तो होईल म्हणून वाट पाहणे रोज असते, आणि शरीर झिजते ते या वाट पाहण्याने.

धोका दिसला की अॅड्रिनलिन स्रवते, नाडी वाढते, रक्तदाब चढतो. धोका टळला की सारे पूर्ववत व्हावे, ही निसर्गाची योजना. पण धोका टळल्याचे कोणी सांगतच नसेल तर? त्यात रात्रीची झोप दोन तुकड्यांत. सुरुंगाच्या भीतीने रस्ता सोडून पाठीवर ओझे घेऊन जंगलातून पायी गस्त. हिवतापासाठी तर हा भाग पूर्वीपासून कुप्रसिद्ध. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे वर्षानुवर्षे चालले आहे. घरी मूल तापाने फणफणले आहे, एवढे कळते. जाता मात्र येत नाही. वेतन दीडपट मिळते हे खरे, पण त्याने झोप विकत मिळत नाही.

मग जागे राहायला खर्रा. आमच्याकडे त्याचे कोणाला काहीच वाटत नाही! तंबाखूने नाडी आणखी वाढते, भूक मरते, आम्लपित्त होते. या हवालदारांचा दिवसाला चार पुड्यांचा हिशेब होता.

शहरातल्यांचे वेगळे हाल. चैत्रात चंद्रपूरला महाकालीची यात्रा भरते, तेव्हापासूनच ऊन भाजू लागते. मे महिन्यात पारा ४६ च्या वर, आणि चौकात बंदोबस्त. माझ्याकडे येणाऱ्या महिला पोलिसांत मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग वारंवार दिसतो. कारण साधे आहे. जवळ स्वच्छतागृह नाही, म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत. इथे औषधापेक्षा फिरते शौचालय आणि पाण्याचा माठ जास्त उपयोगी.

शिबिरे होतात, योगासने शिकवतात. चांगलेच आहे. पण बारा-चौदा तास उभ्या राहिलेल्या माणसाला प्राणायामाआधी झोप हवी. मुंबईत २०१६ साली देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला. तो सुचवला होता एका पोलीस शिपायानेच. दुर्गम ठाण्यात आठ तास जमणार नाहीत, हे मलाही कळते. पण एकाच माणसाला रोज मध्यरात्रीचा पहारा न देणे, सलग सहा तास झोपेची पाळी लावणे आणि रजेची तारीख आधी सांगून ती पाळणे, एवढे तर जमेल? महिनाभराने घरी जायचे नक्की असेल तर माणूस महिना काढतो. अनिश्चितता त्याला पोखरते. दुर्गम भागातून परतलेल्याचे ब्लडप्रेशर आणि साखर पहिल्याच आठवड्यात तपासावी, आणि झोपेबद्दलही विचारावे.

घरच्यांनीही जरा सांभाळून घ्यावे. परतलेला माणूस भांडे पडले तरी दचकतो, क्षुल्लक गोष्टीवरून ओरडतो. तो स्वभाव बदललेला नसतो. शरीर अजून पहाऱ्यावर असते. काही महिन्यांत उतरत नसेल, किंवा माणूस गप्प होऊन एकटा बसू लागला, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागला, तर मात्र थांबू नये. जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे.

हवालदारांना गोळी दिली, खर्रा सोडायला सांगितले, आठ दिवसांची विश्रांती लिहू लागलो. तेव्हा ते हळूच म्हणाले, "साहेब, कागदावर टेन्शन-बिन्शन लिहू नका. पोरं हसतात." मी उच्च रक्तदाब एवढेच लिहिले.