मेंदूतले राखणदार

त्वचेच्या पेशी झडतात, नव्या येतात. मेंदूतील बहुतेक चेतापेशींना ही मुभा नाही. त्याच पेशींवर आयुष्य काढायचे असते. शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असलेला मेंदू सुमारे २० टक्के ऑक्सिजन वापरतो. त्यातून तयार होणारे क्रियाशील रेणू डीएनएला इजा करतात. इतकेच नव्हे, चेतापेशी कामाला लागून जनुके चालू होतात, तेव्हाही डीएनएचे धागे तुटतात.

मग पेशी तगते कशी? हार्वर्ड मेडिकल स्कूलमधील मायकेल ग्रीनबर्ग यांच्या गटाने २०२३ मध्ये उंदरांवरील संशोधनातून एक उत्तर दिले. चेतापेशी सक्रिय होताच ‘एनपीएएस४’ हे प्रथिन ‘नूए४’ या प्रथिनसमूहाशी जोडले जाते आणि ही जोडी तुटलेल्या जागांच्या दुरुस्तीला मदत करते. तिच्यात बिघाड केलेल्या उंदरांचे आयुष्य घटले.

विस्मरणाच्या आजारांवर उपाय शोधायचा, तर निरोगी पेशी स्वतःला कशी जपते हे आधी कळायला हवे. म्हणून अशा मूलभूत संशोधनाला सरकारने आणि समाजाने सढळ हाताने पैसा द्यायला हवा. वाचकांनाही विनंती : ‘मेंदूचे टॉनिक’ विकणाऱ्यांकडे आधी पुरावा मागा.