मुलगा म्हणतो, ‘मला गेममध्ये करिअर करायचंय’ : फोन हिसकावण्याआधी हे वाचा



गेल्या महिन्यात एक शेतकरी वडील आपल्या १७ वर्षांच्या मुलाला घेऊन आमच्या उमरग्याच्या दवाखान्यात आले. तक्रार डोकेदुखीची होती. तपासताना मुलाने आणखी दोन गोष्टी सांगितल्या : उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखतं आणि सकाळी उठल्यावर हाताच्या बोटांना मुंग्या येतात. वडिलांना राहवलं नाही. “साहेब, गोळ्या राहू द्या, ह्याला आधी समजावून सांगा. रात्री दोन-तीन वाजेपर्यंत मोबाईल चालतो. सकाळी कॉलेजची एसटी चुकते. काल फोन काढून घेतला तर जेवलाच नाही.”

मी वडिलांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. मुलगा हळूच म्हणाला, “डॉक्टर, मी टाईमपास करत नाही. मला प्रो प्लेअर व्हायचंय. त्यात पैसा आहे. बाबांना ते कळत नाही.”

खरं सांगतो, काही वर्षांपूर्वी अशाच एका वडिलांना मी “फोन काढून घ्या, दोन दिवसांत सरळ होईल” असं सांगून मोकळा झालो होतो. तो मुलगा सरळ झाला नाही. मित्राच्या फोनवर, मित्राच्या घरी खेळू लागला आणि वडिलांशी सहा महिने बोलला नाही. तो सल्ला चुकीचा होता. त्यानंतर मी या विषयावर वाचायला लागलो. गेम खेळून पोट भरणारी माणसं खरोखर आहेत का, ती कशी जगतात, त्यांच्या शरीराचं काय होतं, हे वाचल्यावर माझं मत बदललं. ते मत आज तुमच्यासमोर ठेवतो.

हे सगळं सुरू कुठे झालं?

आपल्याकडची मुलं बहुतेक मोबाईलवर गोळीबाराचे गेम खेळतात. पण व्यावसायिक गेमिंगचा सुरुवातीपासून शेवटपर्यंतचा इतिहास पाहायचा असेल, तर ‘स्टारक्राफ्ट’ या संगणकावरच्या डावपेचांच्या गेमकडे पाहावं लागतं. तो १९९८ मध्ये बाजारात आला. खेळ साधारण बुद्धिबळासारखा, पण आळीपाळीने चाल करायची नाही; दोघेही एकाच वेळी खेळतात. खाणीतून खनिज काढायचं, त्यातून तळ बांधायचा, सैन्य उभं करायचं आणि समोरच्याचा तळ उद्ध्वस्त करायचा.

हा गेम अमेरिकेत तयार झाला, पण रुजला दक्षिण कोरियात. १९९७ च्या आर्थिक संकटात तिथे हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. अनेकांनी इंटरनेट कॅफे काढले. त्याच सुमारास सरकारने वेगवान इंटरनेट देशभर पोहोचवलं. रिकामा वेळ असलेली तरुण मुलं, तासाला थोडे पैसे घेणारे कॅफे आणि नेमका हा गेम, असं सगळं जुळून आलं. २००० मध्ये गेमिंगसाठी वेगळी दूरचित्रवाहिनी सुरू झाली आणि खेळाडूंची नोंदणी करणारी संघटनाही स्थापन झाली. पुढे मोठमोठ्या कंपन्यांनी पगारी संघ उभे केले. लिम यो-ह्वान नावाचा खेळाडू तर सिनेनटासारखा प्रसिद्ध झाला. त्याच्या चाहत्यांच्या क्लबात लाखो सभासद होते. २००४ मध्ये बुसान शहराच्या समुद्रकिनाऱ्यावर अंतिम सामना झाला, तेव्हा एक लाखाच्या आसपास लोक जमल्याचं सांगितलं जातं.

म्हणजे मुलगा म्हणतो ते खोटं नाही. यात पैसा आणि नाव मिळवणारी माणसं आहेत. आपल्याकडेही एप्रिल २०१९ मध्ये मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये ‘डोटा २’ या डावपेचांच्या गेमची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. बक्षिसाची एकूण रक्कम ३ लाख डॉलर होती. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल ई-स्पोर्ट्स स्पर्धेत मोईन एजाजच्या नेतृत्वाखाली भारताच्या डोटा संघाने कांस्यपदक जिंकलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत घेतलं. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्यासाठी पदकं दिली गेली.

तेव्हा “गेम खेळून कुणाचं भलं झालंय?” असं मुलाला विचारू नका. त्याच्याकडे दहा उत्तरं तयार असतात, आणि तुम्हाला काही माहीत नाही असं त्याला एकदा वाटलं, की पुढचं तो ऐकत नाही.

पण त्या खेळाडूंचं आयुष्य कसं असतं?

कोरियातले संघ एका घरात एकत्र राहत. उठायची, जेवायची, सरावाची वेळ ठरलेली असे. रोज दहा-बारा तास सराव, वर प्रशिक्षक, हरलेल्या सामन्याची चिरफाड. चांगला खेळाडू मिनिटाला तीनशेच्या आसपास हालचाली करतो, म्हणजे सेकंदाला पाच. हे तासन् तास करायचं.

आपल्याला हे चित्र अनोळखी नाही. ही तालीमच आहे. पैलवान नुसत्या कुस्त्या खेळून होत नाही. जोर-बैठका, खुराक, वस्तादाची नजर आणि रात्री वेळेवर झोप, हे सगळं मिळून पैलवान होतो. उमरग्यातल्या खोलीत पांघरुणात फोन धरून रात्री तीनपर्यंत खेळणारा मुलगा यातलं फक्त कुस्ती खेळणं करतो, बाकी काहीच नाही.

आणि एवढी शिस्त असूनही शरीर किंमत मागतंच. स्टारक्राफ्टचा सर्वांत यशस्वी मानला जाणारा ली यंग-हो याच्या उजव्या हातावर २०११ मध्ये शस्त्रक्रिया करावी लागली. तेव्हा तो विशीच्या उंबरठ्यावर होता. ‘लीग ऑफ लेजंड्स’ या गेमचा चीनमधला प्रसिद्ध खेळाडू उझी याने २०२० मध्ये वयाच्या २३ व्या वर्षी निवृत्ती जाहीर केली. कारणं त्यानेच सांगितली : हाताचं दुखणं आणि टाईप २ मधुमेह. सततचा ताण, वाढलेलं वजन, जेवणाच्या अनियमित वेळा आणि जागरण यांमुळे हे झालं, असं तो म्हणाला. पुढे तो काही काळ परत खेळला, पण तेविसाव्या वर्षी मधुमेह ही गोष्ट लहान नाही. ज्यांच्या घरात मधुमेह आहे, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

वयाचाही प्रश्न आहे. कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये स्टारक्राफ्ट २ खेळणाऱ्या १६ ते ४४ वयाच्या ३,३०५ जणांच्या खेळाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पडद्यावर काही नवं दिसल्यापासून पहिली हालचाल करण्यापर्यंत लागणारा वेळ २४ व्या वर्षापासून हळूहळू वाढत जातो, असं त्यांना आढळलं. मोठे खेळाडू अनुभवाने ही उणीव काहीशी भरून काढतात. तरीही ज्या वयात आपल्याकडे मुलगा नोकरीला लागतो, त्या वयात या क्षेत्रातले बरेच जण बाहेर पडायला लागतात.

मैदान कुणाच्या मालकीचं?

कबड्डीचं मैदान कुणी बंद करू शकत नाही. गेमचं तसं नाही. गेम कंपनीच्या मालकीचा असतो. स्टारक्राफ्टच्या सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या हक्कावरून कंपनी आणि कोरियाची संघटना यांच्यात काही वर्षं वाद चालला. २०१० मध्ये सट्टेबाजांकडून पैसे घेऊन सामने हरल्याचं प्रकरण उघड झालं आणि ११ खेळाडूंवर आजन्म बंदी आली. त्यात एक माजी विजेताही होता. प्रेक्षक दुसऱ्या गेमकडे वळले आणि २०१६ मध्ये संघांची ती प्रसिद्ध लीग बंद झाली.

बक्षिसांचंही तसंच. डोटा २ च्या जागतिक स्पर्धेची बक्षीस रक्कम २०२१ मध्ये ४ कोटी डॉलरच्या वर गेली होती. दोनच वर्षांत ती ३० लाख डॉलरच्या आसपास आली. आपल्याकडे पबजी मोबाईलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली. त्याची भारतीय आवृत्ती २०२१ मध्ये सुरू झाली, जुलै २०२२ मध्ये हटवली गेली आणि मे २०२३ मध्ये परतली. ज्यांनी शिक्षण सोडून त्यावरच सगळं लावलं, त्यांचं त्या दहा महिन्यांत काय झालं असेल, याचा विचार करा.

मग माझं मत काय?

गेम हा शत्रू नाही, आणि शिक्षण सोडून धरावा असा भरवशाचा रस्ताही नाही. मुलांचं नुकसान सर्वांत जास्त होतं ते वेळेला बांध नसल्यामुळे. २००५ मध्ये कोरियातल्या देगू शहरात २८ वर्षांचा एक तरुण इंटरनेट कॅफेत जवळपास ५० तास स्टारक्राफ्ट खेळत बसला आणि थकव्याने हृदय बंद पडून मरण पावला. गेमच्या नादात कामावर न गेल्यामुळे त्याची नोकरी आधीच गेली होती. तो व्यावसायिक खेळाडू नव्हता. त्याला “आता ऊठ” म्हणणारा वस्ताद नव्हता.

सरकारी बंदीनेही प्रश्न सुटला नाही. कोरियाने २०११ मध्ये १६ वर्षांखालील मुलांना रात्री १२ ते सकाळी ६ ऑनलाइन गेम खेळायला मनाई केली. दहा वर्षांनी हा कायदा मागे घ्यावा लागला. मुलं मोबाईलकडे वळली होती, आणि कायदा मोबाईलला लागू नव्हता. घरातल्या बंदीचंही बहुधा असंच होतं.

म्हणून मुलाने “प्रो व्हायचंय” म्हटलं, तर त्याला खेळाडूसारखंच वागवा. मी त्या दिवशी बाप-लेकाला समोरासमोर बसवून एका कागदावर हे लिहून दिलं :

१. झोप आधी. या वयात ८ ते १० तास झोप लागते. रात्री साडेदहाला फोन आई-वडिलांच्या खोलीत. वडिलांचाही फोन तिथेच. झोप कमी पडली तर हालचालीचा वेग आणि निर्णय, दोन्ही बिघडतात. हे मुलाला पटतं, कारण ते त्याच्या खेळाशी जोडलेलं आहे.

२. वेळ ठरलेली. कॉलेजच्या दिवशी दीड-दोन तास, तेही संध्याकाळी. दर ४०-४५ मिनिटांनी उठून पाच मिनिटं चालायचं.

३. हात आणि डोळे. मनगट आणि कोपर फार वेळ वाकवून धरू नका. दर २० मिनिटांनी २० फूट लांबच्या वस्तूकडे २० सेकंद पाहा. पडद्याकडे पाहताना पापण्या कमी मिटतात, म्हणून डोळे चुरचुरतात.

४. खुराक. खेळताना चिप्स आणि एनर्जी ड्रिंक बंद. भाकरी, वरण, भाजी, शेंगदाणे, दूध, वेळेवर. रोज एक तास मैदानावर.

५. शिक्षण चालू. वर्षभराने दोघांनी मिळून पाहायचं : किती स्पर्धांमध्ये भाग घेतला, कुठवर पोहोचला. नुसतं “मी चांगला खेळतो” चालणार नाही.

६. पैसे लावायचे नाहीत. ई-स्पोर्ट्स वेगळं आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम वेगळे. ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने दुसऱ्या प्रकारावर बंदी घातली आहे. घरातून पैसे गायब होत असतील किंवा मुलावर उधारी झाली असेल, तर लगेच लक्ष घाला.

डॉक्टरकडे कधी यावं?

जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या नव्या यादीत ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश केला आहे. ती यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली. पण भरपूर खेळणारा प्रत्येक मुलगा आजारी नसतो. तीन गोष्टी पाहायच्या : खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्यापेक्षा गेम मोठा होतो, आणि नुकसान दिसत असूनही खेळणं थांबत नाही. हे साधारण १२ महिने चाललं आणि शिक्षण, घर, नाती बिघडली, तर तो आजार समजावा. लक्षणं तीव्र असतील तर वर्षभर थांबू नका. अनेकदा मुळाशी नैराश्य, परीक्षेची भीती किंवा घरातली भांडणं असतात, आणि गेम ही लपायची जागा असते. मानसोपचार तज्ज्ञांना दाखवण्यात लाज नाही. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. मुलगा जिवाचं काही बरंवाईट करण्याचं बोलला, तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात आणा.

हाताच्या मुंग्या दोन आठवड्यांत कमी झाल्या नाहीत, पकड सैल वाटली किंवा रात्री हात बधिर होऊन जाग आली, तरीही दाखवा. नस दबलेली असू शकते. लवकर पाहिलं तर बहुतेकदा विश्रांती, पट्टा आणि व्यायामाने बरं वाटतं.

तो मुलगा परवा तपासणीला आला होता. डोकेदुखी कमी आहे, अंगठा अजून दुखतो. कागदावरच्या सहापैकी चार गोष्टी पाळतो म्हणाला. वडील म्हणाले, “साहेब, साडेदहाला फोन ठेवायचं मलाच जड जातंय.” मुलगा हसला. बऱ्याच दिवसांनी दोघं एका गोष्टीवर हसले असावेत.

तुमच्या घरी हा प्रश्न असेल, तर आज रात्री फोन हिसकावू नका. मुलाशेजारी बसा आणि तो खेळतो तो गेम काय आहे, ते त्याच्याकडून समजून घ्या. कागद-पेन त्यानंतर काढा.

काळजी घ्या.